मोंबासाचे काका-काकू

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात, कुसगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आफ्रिकेत राहून आलीस, त्याबद्दल बोल. सॉफ्टवेअरचं काही सांगू नकोस, कोणाला कळणार नाही." आपल्या वर्गात ही सूचना कोण करू शकतं ते तुम्ही ओळखलं असेलच. मी ती मान्य केली आहे. मी नऊ महिने केनियात मोंबासाला होते, त्यातल्या शेजाऱ्यांबद्दल बोलते.

तरी दोन वाक्यं कामाची. केनियात २००७ साली मोबाईलवरून पैसे पाठवायची 'एम-पेसा' नावाची सोय सुरू झाली. आपल्याकडे भाजीवाल्याकडे स्कॅन करायची सवय लागायच्या किती तरी आधी तिथले लोक साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवत होते. 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. स्वाहिली भाषेत असे आपल्या ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. रस्त्यावर बजाजच्या रिक्षा. आणि जूनमध्ये आपल्या घाटावर येऊन आदळतो तो वारा आधी त्याच किनाऱ्याजवळून वाहत येतो. जुन्या काळी गलबतं याच वाऱ्यांवर मुंबई-मोंबासा करत. त्यामुळे मी फार लांब गेले असं मला पहिल्या आठवड्यानंतर वाटलं नाही.

२०१८ मध्ये कंपनीने मला एका बँकेच्या कामासाठी तिकडे पाठवलं. राहायची जागा न्यालीला होती. मोंबासा शहर बेटावर आहे आणि न्याली पुलापलीकडे, मुख्य जमिनीवर. तिथल्या एका चौकाला 'केंगेलेनी' म्हणतात. केंगेले म्हणजे घंटा. चौकात खरोखरच एक जुनी घंटा आहे, तिच्याकडे मी नंतर येते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वयस्क जोडपं राहत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात आवाज आला, "अहो, पाणी आलं, पिंप लावा!" साडेचार हजार किलोमीटरवर 'पिंप लावा' ऐकून मी जिन्यातच थांबले.

काका अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. काकू चौसष्टच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. दोघं नाशिकचे, मराठी ख्रिस्ती. त्यांच्या मंडळीने त्यांना दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. पगार नाही, खर्च बराचसा स्वतःच्या पेन्शनमधून. मुलगा पुण्यात, नातू चार वर्षांचा.

मी लगेच मनातला प्रश्न विचारला, कारण तुम्हीही तो आत्ता मनात विचारत आहात. "काका, तुम्ही इथे धर्म वाढवायला आलात का?" काका हसले. म्हणाले, "अगं, इथे चर्चही आमच्या आधीपासून आहे आणि मशीदही. मला अपूर्णांक शिकवायला पाठवलंय." 'मिशनरी' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं यायचं, झगा, जंगल, बोट. प्रत्यक्षात जे पाहिलं तो एक दिवस होता, आणि तो दिवस दोन वर्षं रोज तसाच उगवत होता. तो दिवसच तुम्हाला सांगते.

पहाटे साडेपाचला उठायचं, कारण नळाला पाणी आलं तर तेव्हाच. नाहीतर बोरिंगचं मचूळ पाणी, किंवा टँकर. पिंप भरायचं, पिण्याचं उकळायचं, मच्छरदाणी झटकून घडी घालायची. काकूंची प्रार्थना दहा मिनिटं, काकांची पंधरा, आणि या पाच मिनिटांवरून थोडी कुरबूर. मग आल्याचा चहा. रविवारी कोपऱ्यावरच्या टपरीवरून 'म्बाझी' यायची. म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, बरोबर गोडसर पुऱ्यांसारखं काहीतरी. काकू त्यावर वरून लसणाची फोडणी घालत आणि टपरीवालीला नेऊन चाखवत. तिला ती आवडली नाही. काकूंनी प्रयत्न सोडला नाही.

साडेसातला काका घराबाहेर. इथे पहिली अडचण घड्याळाची होती. स्वाहिलीत दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे दुसरा तास. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही पद्धत तिथे अगदी बरोबर बसते. काका पहिल्या आठवड्यात 'दोन वाजता या' असं ऐकून दुपारी दोनला शाळेत हजर झाले. तास सकाळी आठला होऊन गेला होता. मग त्यांनी वेळापत्रकाच्या दोन रकान्यांची वही केली. मी दिवसभर टाइमझोन सांभाळणारी बाई, पण त्या वहीइतकी स्वच्छ सोय मी कधी केलेली नाही.

आठवड्यातले तीन दिवस काका जवळच्याच एका शाळेत जात. वर्गात साठाहून जास्त मुलं. तिथल्या शिक्षिकेला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर्ग तुमचा. मी मागच्या बाकावर बसतो. ज्याला जमत नाही त्याला माझ्याकडे पाठवा." दोन वर्षं ते मागच्या बाकावर बसले. ज्यांना भागाकार येत नाही अशी सात-आठ मुलं एका वेळी त्यांच्याभोवती. काकांचं स्वाहिली मोडकं, मुलांना त्याची मजा. संख्या चुकली की मुलं दुरुस्त करत, आणि दुरुस्त करता करता स्वतः मोजायला लागत. मला आधी वाटलं होतं की एवढा अनुभवी शिक्षक मागे बसतो हे वाया जाणं आहे. काका म्हणाले, "मी दोन वर्षांनी जाणार. ती बाई राहणार. मुलांचा विश्वास तिच्यावर बसायला हवा."

काकूंचं अवघड होतं. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई. पण परदेशात रीतसर नोंदणी नसताना रुग्णाला हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे दवाखान्यात काकूंना मिळालेलं काम म्हणजे बाळांच्या वजनाची कार्डं क्रमाने लावायची, रांगेतल्या आयांना बसायला जागा करून द्यायची, कापसाचे बोळे करायचे. सुरुवातीला रोज संध्याकाळी त्या धुमसत. "समोर पोरगं तापाने फणफणलंय आणि मी बोळे वळते!" दोन महिन्यांनी धुमसणं कमी झालं. त्यांच्या लक्षात आलं होतं की रांगेतली बाई डॉक्टरांपुढे बोलत नाही ते बाकावर शेजारी बसलेल्या म्हातारीशी बोलते. काकू तेवढं ऐकत आणि तिथल्या सिस्टरला जाऊन सांगत. औषध सिस्टर देत.

दुपारी जेवण. मक्याच्या पिठाची उकड असते तशी 'उगाली', तिच्याबरोबर काकूंचं पिठलं. नाशिकहून आणलेला काळा मसाला चमच्याने मोजून वापरला जाई. मग काकांची झोप, काकूंचं शिवण. संध्याकाळी इमारतीतली मुलं गृहपाठाला येत. दारात आली की 'शिकामो' म्हणत. मोठ्या माणसाला करायचा हा नमस्कार आहे. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरतो' असा सांगतात. त्यावर मोठ्याने 'मराहबा' म्हणायचं. काकूंना हे इतकं आवडे की मुलं एकदा बाहेर जाऊन परत आत आली तरी चालत असे. रात्री आठला नाशिक-पुण्याला व्हिडिओ कॉल. वीज गेली तर कॉल नाही, आणि त्या रात्री दोघंही लवकर झोपत. नातू फोनवर आधी 'आजी' म्हणायचा, मग म्हणेनासा झाला, मग फोनसमोरून पळून जायला लागला. काकू म्हणायच्या, "चार वर्षांच्या पोराला दोन वर्षं म्हणजे अर्धं आयुष्य गं." याला काही उपाय नव्हता.

आठवड्यातले दोन दिवस काका राबईला जात. मोंबासापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, टेकडीवरचं, नारळीच्या झाडांमधलं गाव. मटाटू म्हणजे तिथली वडापची गाडी. तिने माझेरासला उतरायचं आणि पुढे मोटारसायकलवर मागे बसायचं. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघा दुखत असताना. राबईलाच का, हे मी विचारलं तेव्हा काकांनी मला एका शनिवारी आधी चौकातल्या घंटेपाशी नेलं आणि मग राबईला. तिथे जे ऐकलं ते मला आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला सापडलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातच नव्हतं, सर, त्यामुळे तुमची काही चूक नाही.

नाशिकला शरणपूर रोड आहे. आपल्यातले निम्मे लोक त्यावरून गेले असतील. या शरणपूरची वसाहत १८५० च्या दशकात विल्यम प्राइस नावाच्या इंग्रज मिशनऱ्याने वसवली. त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांच्या आरमाराने अशी गलबतं पकडली की त्यातली मुलं पुष्कळदा मुंबईला आणून उतरवत. घर कुठे, आईबाप कोण, काही ठाऊक नाही. १८६० च्या सुमारापासून यातली बरीच मुलं शरणपूरच्या आश्रमशाळेत आली. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, लोहारकाम, सुतारकाम शिकली, नाशिकच्या बाजारात फिरली, इथल्या भाषा बोलू लागली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नाशिकची मुलं' असंच नाव आहे.

१८६४ मध्ये यांच्यापैकी विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे राबईला गेले. जोन्स आणि सेम्लर यांच्याबरोबर त्यांच्या बायकाही होत्या. राबईला योहानेस रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ पासून होता. किलिमांजारोचं बर्फ पाहणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव पुस्तकांत येतं. पण ते पाहणं एका प्रवासातलं. त्याची पुढची वर्षं राबईच्या टेकडीवर शब्द गोळा करण्यात आणि शब्दकोश लिहिण्यात गेली. त्याची बायको एमा तिथेच वारली, त्याची दृष्टी जात चालली, तरी तो १८७५ पर्यंत तिथून हलला नाही. अशा माणसाच्या मदतीला नाशिकमध्ये शिकलेली ही तरुण माणसं पोचली.

तुम्ही डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं नाव ऐकलं असेल. १८७३ च्या मे महिन्यात तो आफ्रिकेच्या आत, आजच्या झांबियात वारला. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, शेकडो मैल चालत, सुमारे नऊ महिन्यांनी किनाऱ्यावर आणला. त्या झाडावर नाव कोरणारा आणि अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत तो होता. त्या वाटेने चाललेला दुसरा नाशिककर, मॅथ्यू वेलिंग्टन, पुढे मोंबासालाच राहिला आणि १९३५ मध्ये वारला. म्हणजे आपल्या आजोबांच्या हयातीत.

१८७४ मध्ये प्राइस स्वतः मोंबासाला गेला आणि त्याने बेटासमोर मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत वसवली. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून ती 'फ्रिअरटाउन'. चौकातली घंटा त्या वसाहतीची. गुलाम धरणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवत असत, असं तिथे सांगतात. या वसाहतीत नाशिकहून आलेले दीडशेच्या आसपास लोक होते. शिक्षक, लोहार, सुतार, दुभाषे. कामं रोजचीच, पण वसाहत त्यांच्यावर उभी राहिली.

पण मला सर्वात लक्षात राहिली ती विल्यम जोन्सची गोष्ट. राबईची जबाबदारी त्याच्याकडे असताना, मालकांकडून पळालेले गुलाम आश्रयाला येऊ लागले. त्यांना ठेवून घेणं मिशनच्या नियमात बसत नव्हतं. मालक हल्ल्याची धमकी देत होते. जोन्सने त्यांना राहू दिलं. स्वतः एकदा विकला गेलेला माणूस दुसरं काय करणार? शेवटी इंग्रज कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि जानेवारी १८८९ मध्ये सुमारे १४०० लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले. याच जोन्सला धर्मसेवेची पहिली दीक्षा मिळायला १८८५ उजाडलं, म्हणजे काम सुरू करून एकवीस वर्षं झाली होती. त्याचे गोरे सहकारी ती आधीच घेऊन येत. हेही काकांनीच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनी आपल्या मिशनची बाजू घेतली नाही.

राबईच्या जुन्या चर्चच्या इमारतीत आज संग्रहालय आहे. तिथल्या पायरीवर बसून काका म्हणाले, "लोकांना वाटतं आम्ही नाशिकहून इथे काहीतरी द्यायला आलो. अगं, देणारे दीडशे वर्षांपूर्वी येऊन गेले. ते इथलेच होते. आम्ही फक्त त्यांच्या शाळेच्या गावचे."

याचा अर्थ मला पूर्ण कळला तो पुढच्या महिन्यात. एका पहाटे नाशिकहून फोन आला, काकूंची मोठी बहीण गेली. तिकिटाचे पैसे नव्हते असं नाही, पण पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. काकूंनी बहिणीची अंत्ययात्रा फोनच्या पडद्यावर पाहिली, मधे दोनदा नेटवर्क गेलं. मी ऑफिसला रजा टाकून खाली गेले, आणि पाहते तर दार उघडंच. आत चटई अंथरलेली आणि त्यावर गल्लीतल्या सात-आठ बायका बसलेल्या. दवाखान्यातली सिस्टर, टपरीवाली म्बाझीवाली, वरच्या मजल्यावरच्या मुस्लीम आजी. प्रत्येक जण आली की काकूंचा हात धरून 'पोले' म्हणे. त्या एका शब्दात वाईट वाटलं, सांभाळ, सावकाश, सगळं येतं. मग ती चटईवर बसे. फारसं कोणी बोलत नव्हतं. चहा त्यांनीच केला, भांडी त्यांनीच घासली. तीन दिवस आळीपाळीने येत राहिल्या. तिथे या बसण्याला 'मतांगा' म्हणतात, आणि ते चुकवत नाहीत.

दीड वर्ष काकू रोज दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. त्या बाकावरच्या बायका आता त्यांच्या चटईवर येऊन बसल्या. सेवा कोण कोणाची करत होतं हे मला त्या खोलीत सांगता आलं नसतं. ते लोक काकूंकडे पाहुण्या म्हणून आले नव्हते.

काका-काकू २०१९ मध्ये नाशिकला परतले. नातवाने पुन्हा 'आजी' म्हणायला तीन आठवडे घेतले, असं काकूंनी मला कळवलं. काकांच्या वर्गातली ती शिक्षिका अजून त्यांना गणिताचे प्रश्न फोनवर पाठवते. मोठं काही उभं राहिलेलं नाही. इमारतीवर त्यांच्या नावाची पाटी नाही.

आता आपल्याकडे येते. या स्नेहमेळाव्यात शाळेला काय द्यायचं यावर आपल्या ग्रुपवर दीड महिना चर्चा चालू आहे. प्रवेशद्वार, स्टेजवर छप्पर, संगणक कक्ष. हेतू सगळ्यांचाच चांगला आहे. पण मी काल दुपारी शाळेत जाऊन आले. संगणक कक्ष आहे. काही वर्षांपूर्वी कोणीतरी दहा संगणक दिले होते, ते प्लास्टिकच्या आवरणाखाली नीट ठेवले आहेत. खोलीला कुलूप आहे, कारण शिकवायला माणूस नाही. आणखी दहा दिले तर कुलूप तेवढं मोठं लागेल.

आपल्याला काय मिळालं होतं ते आठवा. गणिताचे सर जुलैच्या पावसात लोणावळा स्टेशनवरून चालत यायचे. छत्री उलटी झालेली, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, पण प्रार्थनेच्या आधी हजर. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो त्या हजेरीवर. सरांनी आम्हाला काही भारी शिकवलं असं मी म्हणणार नाही, सर समोर बसलेत, ते रागावतील. पण ते आले नाहीत असा दिवस मला आठवत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पहिले तीन महिने पैसे गोळा करायचे नाहीत. आधी शिक्षकांना विचारायचं, तुम्हाला कशाची मदत हवी? ते सांगतील ते काम, ते सांगतील त्या वेळी. वर्ग त्यांचा, आपण मागच्या बाकावर. आपण बावन्न जण आलो आहोत. बारा जणांनी महिन्यातला एकच शनिवार दिला तरी दर शनिवारी तिघं जण शाळेत असतील. ज्याचं गॅरेज आहे त्याने मोजमाप शिकवावं, जिला बँकेचं कळतं तिने आयांना खातं समजावून द्यावं. माझ्या सासूबाईंचं आजारपण आहे, नोकरी आहे, मुलीची बारावी आहे. तरी मी ठरवलं आहे. जूनपासून महिन्याचा पहिला शनिवार माझा. पुण्याहून लोकलने येईन, आणि त्या खोलीचं कुलूप उघडायची परवानगी आज मुख्याध्यापकांकडे मागते आहे.

हे टिकणार नाही असं काहींना वाटेल. मलाही काळजी तीच आहे. पावसाळ्यात चार जण गळतील. पण एक लक्षात ठेवा, मुलं आपल्या येण्यापेक्षा आपलं न येणं जास्त मोजतात. जमणार नसेल तर आजच नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही.

चहाच्या टेबलाजवळ एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तिच्यात रक्कम लिहू नका. नाव लिहा, आणि पुढे कोणता शनिवार ते लिहा.